'नाही' म्हणणारे मंत्री

सूत्रं एकाच्या हातात असली की कामं होतात, हे माझ्या कोथरूडच्या मामांचं ठाम मत. पुरावा म्हणून ते मेट्रो दाखवतात: 24 डिसेंबर 2016 ला भूमिपूजन, 6 मार्च 2022 ला उद्घाटन, दोन्ही वेळा पंतप्रधान स्वतः हजर. राज्यमंत्र्यांना मंत्रिमंडळाच्या बैठकीत एरवी जागाच नसते, त्यांच्या खात्याचा विषय असला तर बोलावणं येतं, असं मी परवा फोनवर म्हणाले. मामांचं उत्तर तयार होतं: "अगं, बसून तरी काय करणार? ठरवणारा एकच."

मी राहते नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. इथल्या पंतप्रधानाला स्वतःच्या अधिकारात मंत्र्याला घरी पाठवता येत नाही. तो मंत्रिमंडळाच्या बैठकीचा अध्यक्ष. 1983 पर्यंत तर इथल्या राज्यघटनेत त्याच्या पदाचा उल्लेखही नव्हता. सरकार कायम आघाडीचं. मंत्रिमंडळाची बैठक साधारणपणे शुक्रवारी होते आणि ती संपली की पंतप्रधान पत्रकारांच्या प्रश्नांना सामोरा जातो. (मामांना यात कौतुक वाटत नाही. "बोलायला वेळ आहे म्हणजे काम नाही.")

पुण्यातल्या काही मैत्रिणींना मात्र हे रामराज्य वाटतं. तसं ते मुळीच नाही. बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो पालकांना खोटंच लबाड ठरवून पैसे वसूल केले गेले, आणि त्यावरून 15 जानेवारी 2021 ला अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. बाणेदारपणा झाला. पुढे मार्चमध्ये निवडणूक झाली, नवं सरकार जमवायला 299 दिवस लागले आणि पंतप्रधान झाले पुन्हा तेच मार्क रुटे! शिवाय बरेचसे निर्णय पक्षनेते आघाडीच्या करारातच ठरवून टाकतात. मंत्र्यांच्या हाती उरते ती अंमलबजावणी.

हे वाचून कुणाला डॉ. आंबेडकर आठवले तर नवल नाही. 1951 मध्ये कायदामंत्रिपद सोडताना त्यांची एक तक्रार हीच होती: निर्णय समित्यांमध्ये आधीच होतात, मंत्रिमंडळ फक्त त्यांची नोंद करतं. याच आंबेडकरांनी 1948 मध्ये घटना समितीत पंतप्रधानाला मंत्रिमंडळाच्या कमानीची मधली शिळा म्हटलं होतं. मंत्री नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नसेल तर सामूहिक जबाबदारी टिकणार नाही, हा त्यांचा मुद्दा. मला दोन्हींत विसंगती दिसत नाही. शिळा भक्कम हवी हे खरं, पण कमानीला बाकीचे दगडही लागतात.

पाच वर्षांनी चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याची घोषणा मंत्रिमंडळात नीट चर्चा न होताच झाली, असा त्यांचा आरोप होता. नेहरूंना तो मान्य नव्हता. आपल्याकडे ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या अभिमानाने सांगितली जाते, पण देशमुखांचा निम्मा राग कार्यपद्धतीवर होता, तो भाग आपण गाळतो.

आज असं कुणी का करत नाही? माणसं लेचीपेची झाली, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते पटत नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराची खासदारकीच धोक्यात येते. इथला खासदार पक्ष सोडूनही सभागृहात बसू शकतो. लोक नावं ठेवतात, पण जागा त्याचीच राहते. मागे सभागृहात दहा माणसं उभी राहतील याची खात्री नसेल तर मंत्री बैठकीत 'नाही' कशाच्या जोरावर म्हणणार?

मामांशी खरा वाद घालावा तो नियम 12 वर. केंद्र सरकारच्या 1961 च्या कार्यनियमावलीतला हा नियम पंतप्रधानाला नियमांपासून फारकत घेण्याची मुभा देतो. 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तीही मंत्रिमंडळाला न विचारता. मंत्र्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाने, मंत्रिमंडळाची बैठक न होता. आपण उठून टीव्ही लावला तोवर शपथविधी उरकलेला. एकदा काँग्रेस, एकदा भाजप, त्यामुळे 'तुमच्या वेळी काय झालं' हा पुणेरी टोला इथे चालत नाही.

आणीबाणीपुरती ती फट 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने बुजवली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. मला 299 दिवसांची डच घासाघीस पुण्यात आणायची नाही, आणि पंतप्रधानाचा मंत्री बदलण्याचा अधिकारही राहू दे. राष्ट्रपती राजवट लावताना आणि उठवताना हीच लेखी अट घालावी, एवढंच माझं मागणं. मामांनी यावर "तातडीच्या वेळी काय?" असं विचारलं. तातडीच्या वेळी, मामा, दिल्लीतल्या दिल्लीत मंत्र्यांना फोन करून बोलवायचं. 26 जूनला भल्या सकाळी बोलावल्यावर आलेच होते की.