१.३३ चा पाढा दुकानात म्हणा, व्ह्यूफाइंडरमध्ये नको

कोल्हापुरातल्या हौशी फोटोग्राफरांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय. वापरलेली लायका एम८, म्हणजे लायकाचा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा, घेणाऱ्यांसाठी ‘पाच सूत्रं’ असं त्याचं नाव. थोडक्यात तो असा: एक, सेन्सर लहान आहे म्हणून लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा १.३३ ने गुणा आणि उत्तराच्या जवळची चौकट बघा. ३५ ची लेन्स असेल तर ५० च्या चौकटीत फोटो काढा. दोन, एम माउंटची (लायकाच्या एम कॅमेऱ्यांच्या तोंडावर बसणारी) कुठलीही लेन्स लावा, बरोबर चौकट आपोआप येते. तीन, चौकटीत जे दिसतं तेवढंच फोटोत येतं, कारण पॅरलॅक्स, म्हणजे बघण्याची खिडकी आणि लेन्स वेगळ्या जागी असल्यानं पडणारा फरक, कॅमेराच दुरुस्त करतो. चार, चौकट चुकीची आली तर फोकसही चुकणार. पाच, ज्या लेन्सची चौकट कॅमेऱ्यात नाही ती लेन्स घेऊ नका. खाली ‘जगात भारी माहिती, पुढे पाठवा’ असंही आहे, आणि लोक इमानानं पाठवतायत.

बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावात चौकटीचं गणित फॉरवर्डवर चालावं हे काही बरं नाही.

हा कॅमेरा हातात न घेतलेल्यांसाठी दोन वाक्यं. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. लेन्स बदलली तरी खिडकीतलं दृश्य तेच राहतं. बदलतात त्या आतल्या उजळ रेघांच्या चौकटी, आणि फोटो साधारण कुठून कुठपर्यंत येणार हे त्यांच्यावरून ठरवायचं.

आता पहिलं सूत्र, कारण सगळ्यात जास्त फोटो त्यानंच बिघडतायत. एम८ २००६ ची. तिचा सेन्सर १८ बाय २७ मिलिमीटर, म्हणजे फिल्मच्या २४ बाय ३६ पेक्षा लहान, आणि त्यातूनच तो १.३३ चा आकडा येतो. इथवर मजकूर बरोबर आहे. पण एम८ च्या खिडकीतल्या चौकटी फिल्मच्या कॅमेऱ्यातून उचलून जशाच्या तशा बसवलेल्या नाहीत. त्या या लहान सेन्सरच्याच मापानं काढलेल्या आहेत. ३५ ची चौकट म्हणजे ३५ ची लेन्स याच सेन्सरवर जेवढं टिपते तेवढं. गुणाकार कारखान्यात होऊन गेलाय. शिंप्यानं माप घेतानाच दोन इंच सैल धरलेत आणि आपण घरी येऊन त्यात आणखी दोन इंच वाढवतोय, तसला हा प्रकार.

नुकसान किती होतं ते बघा. ३५ ची लेन्स लावून ५० च्या चौकटीत दृश्य बसवलं, तर फोटोत प्रत्येक बाजूनं १.४३ पट जास्त येणार. क्षेत्रफळ दुप्पट. तालमीत दोन मीटरवरून पैलवानाचं कमरेपासून वरचं चित्र बांधायला जावं, तर त्याच्यासोबत पाण्याची बादली, कोपऱ्यात ठेवलेली करेला, भिंतीवरचे फोटो आणि मोबाइल बघत बसलेली दोन पोरं. ‘नंतर कापू की’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: एम८ चे मुळातच १०.३ मेगापिक्सेल, अर्धं चित्र कापलं की हातात जेमतेम ५ उरतात.

एवढी मोठी चूक पकडली कशी जात नाही? कारण ती सुरक्षित बाजूला पडते. कुणाचं डोकं कापलं जात नाही, उलट जास्तच येतं. माणूस म्हणतो, ‘जुना कॅमेरा आहे, व्ह्यूफाइंडर ढिला असणार,’ आणि पुढं जातो. डोकं कापलं असतं तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं.

मग १.३३ कशासाठी? लेन्स निवडण्यासाठी. फिल्मवर ५० चा कोन आवडत असेल तर एम८ साठी ३५ घ्या, ती ४७ सारखी वागेल. ३५ आवडत असेल तर २८ घ्या, ती ३७ सारखी. ५० घ्याल तर ती ६६ च्या आसपास, म्हणजे पोर्ट्रेटकडं झुकलेली. हा हिशेब खरेदीच्या वेळी, दुकानात. डोळा खिडकीला लावल्यावर तो विसरायचा आणि ३५ ला ३५ चीच चौकट बघायची. २००९ ची एम९ तर पूर्ण मापाच्या सेन्सरची, तिथं गुणाकाराला मुळात जागाच नाही. तरी एम९ वाल्यांकडंही हाच मजकूर पोचलाय.

दुसरं सूत्र अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. एम माउंटच्या लेन्सच्या मागच्या कड्यावर पाकळ्या असतात. त्यातल्या एका पाकळीची लांबी लेन्सप्रमाणे कमीजास्त असते. लेन्स फिरवून बसवली की ती पाकळी बॉडीतली एक पट्टी ढकलते आणि चौकटी बदलतात. मात्र ढकलण्याच्या जागा तीनच आहेत. एम८ मध्ये त्यांच्या तीन जोड्या: २४ आणि ३५, २८ आणि ९०, ५० आणि ७५. चौकट एकटी येत नाही, जोडीनं येते. त्यातली आपली कुठली हे आपणच ओळखायचं. २४ ची बाहेरची, ३५ ची आतली. चष्मा असेल तर बाहेरची एका नजरेत मावत नाही, डोळा इकडंतिकडं हलवावा लागतो.

या तीन जोड्यांत न बसणाऱ्या लेन्स आल्या की ‘आपोआप’चं पितळ उघडं पडतं. २१ ची लावा, चौकट येते २८ आणि ९० ची. ४० ची लावा, मग ती जुनी समिक्रॉन-सी असो वा फोग्टलेंडरची नॉक्टन, येते ५० आणि ७५ ची. सगळ्यात फसवी १३५. फिल्मच्या कॅमेऱ्यांत ३५ आणि १३५ ची जोडी असते. एम८ मध्ये १३५ ची चौकटच नाही, पण लेन्सची पाकळी तीच, त्यामुळं खिडकीत उजळतात २४ आणि ३५ च्या रेघा. लांब पल्ल्याची लेन्स लावलीय आणि कॅमेरा दाखवतोय अख्खं खासबाग मैदान! स्वस्तात मिळते म्हणून १३५ उचलणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

स्क्रूच्या जुन्या लेन्सना तर पाकळीच नसते, तिथं सगळा कारभार अडॉप्टरचा, म्हणजे लेन्स आणि बॉडीमधल्या जोडकड्याचा. अडॉप्टरही तीन तऱ्हांचे मिळतात: २८-९०, ३५-१३५ आणि ५०-७५. ज्युपिटर-८ सारख्या ५० च्या लेन्सला २८-९० चा अडॉप्टर लावून विकणारे आहेत. घेणारा मग कॅमेऱ्यालाच नावं ठेवतो. आणि एप्सन आर-डी१, २००४ ची, याच माउंटची, तिच्यावर तर पाकळीचा काही उपयोगच नाही. तिथं २८, ३५, ५० पैकी चौकट हातानं निवडायची असते. लेन्स बदलली आणि खटका विसरला, तर चुकीच्या चौकटीत अख्खी दुपार जाते. (तिचा सेन्सर आणखी लहान, १.५३ चा. पण तिच्याही चौकटी त्याच मापाच्या. इथंही गुणाकार नको.)

आता तिसरं, ‘चौकटीत जे दिसतं तेवढंच’. इथं जरा थांबू, कारण अनुभवी मंडळीही इथं मान डोलावतात.

पॅरलॅक्सची दुरुस्ती होते हे खरं. खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला असते, म्हणून जवळ फोकस करत जाल तशा रेघा खाली उजवीकडं सरकतात. पण त्या सरकतात फक्त. लहानमोठ्या होत नाहीत. लेन्स मात्र जवळ फोकस करताना पुढं सरकते आणि तिचं क्षेत्र थोडं आकसतं. ५० ची लेन्स ०.७ मीटरवर साधारण ५४ सारखी बघते, ३५ ची ३७ सारखी. म्हणजे चौकट कुठल्या तरी एकाच अंतरावर तंतोतंत असू शकते. ते अंतर कुठलं, हे बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि मॉडेलप्रमाणे ते बदलत गेलंय.

एम८ च्या चौकटी सगळ्यात जवळच्या अंतरासाठी आखल्यात, ०.७ मीटरसाठी. त्यामुळं लांबचं काही टिपलं की चौकटीबाहेरचंही बरंच येतं. रंकाळ्याच्या या काठावरून ५० नं शालिनी पॅलेस घ्या: चौकटीत दिसतं त्यापेक्षा फोटो रुंदीत साधारण ८ टक्के मोठा. एम८ चं चित्र सुमारे ३,९०० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे पिक्सेल न मागता. कडेचा दिव्याचा खांब, कणसवाल्याची छत्री, सगळं हजर. पहिल्या सूत्राची चूक हिच्यात मिसळली, म्हणजे ३५ लावून ५० च्या चौकटीत हाच पॅलेस बसवला, तर प्रत्येक बाजू दीडपटीहून मोठी होते.

लोकांनी तक्रारी केल्या आणि २००८ च्या एम८.२ मध्ये चौकटी २ मीटरसाठी आखल्या गेल्या. एम९ मध्ये १ मीटर, पुढच्या टाइप २४० आणि एम१० या मॉडेलांत पुन्हा २ मीटर. २ मीटरची चौकट लांबच्या दृश्याला बरी पडते, पण जवळ उलटी फिरते. एम८.२ वर ५० लावून ०.७ मीटरवरून चेहरा घ्या: चौकटीत बसलेल्या दृश्याच्या कडांचा काही भाग फोटोत येतच नाही, आणि फेट्याचा तुरा कापला जातो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीचं टोक गुलालासकट हवं असेल तर एम८ ची घट्ट चौकट उपकारच करते, कारण टोकावर मोकळं आभाळ आपसूक येतं. माझं मत विचाराल तर रस्त्यावर आणि यात्रेत मला २ मीटरची चौकट पसंत आहे; एम८ ची घट्ट चौकट सवयीनं जमते, पण रेघांच्या किती बाहेर काय येईल हे प्रत्येक अंतराला डोक्यात ठेवावं लागतं.

वापरलेल्या कॅमेऱ्यात आणखी एक भानगड. काही एम८ ना नंतर कंपनीकडून एम८.२ च्या चौकटी बसवून घेतलेल्या असतात. वरच्या नावावरून ते कळत नाही. तपासणी सोपी आहे. रिकामी भिंत, ट्रायपॉड आणि चिकटपट्टी. चौकटीच्या चारही कडा जिथं पडतात तिथं भिंतीवर पट्टीचे तुकडे लावायला एका सोबत्याला सांगा, आपण खिडकीतून हात दाखवायचा. मग फोटो काढून पट्ट्या कुठं आल्या ते बघायचं. हे ०.७ मीटरवर करा, २ मीटरवर करा. ज्या अंतरावर पट्ट्या फोटोच्या कडेला येतील, ते त्या चौकटीचं अंतर. चारही बाजूंना फरक सारखा असेल तर चौकट निरोगी. एकाच बाजूला सगळा फरक दिसला तर आतली यंत्रणा हललेली असू शकते, आणि भाव करताना ते बोलून दाखवावं.

चौथं सूत्र झटपट. फोकस आणि चौकट यांचा संबंध नाही. फोकससाठी लेन्सच्या मागची गोलाई बॉडीतल्या छोट्या चाकाला ढकलते. चौकटीसाठी पाकळी दुसरीच पट्टी ढकलते. ४० च्या लेन्सला ५० ची चौकट आली तरी फोकस ठणठणीत असतो. अडॉप्टर मात्र दोन्हीकडं हात घालतो. माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर स्क्रू माउंटला २८.८ मिलिमीटर, एमला २७.८, म्हणून अडॉप्टर बरोबर १ मिलिमीटर जाड हवा. स्वस्तातला पातळ किंवा जाड निघाला तर फोकस बिघडतो, त्याच अडॉप्टरची पाकळीही चुकीची असते, आणि मग दोन्हींचा संबंध आहे असं वाटू लागतं. तपासायचं तर रंकाळ्यावर जाऊन लेन्स अनंतावर फिरवा आणि खिडकीच्या मध्यात दिसणाऱ्या पॅलेसच्या मनोऱ्याच्या दोन प्रतिमा एकावर एक बसतात का बघा. नंतर टेबलावर वर्तमानपत्र तिरपं ठेवून, लेन्स पूर्ण उघडून, एका ओळीवर फोकस करून फोटो काढा. एम८ आणि एम९ ला लाइव्ह व्ह्यू (फोटोआधी पडद्यावर दृश्य दिसण्याची सोय) नाही, तेव्हा मागच्या पडद्यावर मोठं करून बघण्याला पर्याय नाही.

राहिलं पाचवं: चौकट नसेल ती लेन्स नकोच. मग २१ वाल्यांनी काय करायचं? कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅशच्या जागी बसणारा बाहेरचा व्ह्यूफाइंडर मिळतो. गंमत म्हणजे चौकट बघताना मजकुरातला गुणाकार फक्त इथं लागू पडतो. हे बाहेरचे फाइंडर बहुतेक पूर्ण मापाच्या फिल्मसाठी बनवलेले असतात, त्यांना एम८ चा सेन्सर ठाऊक नाही. म्हणून एम८ वर २१ लावली तर २८ चा फाइंडर घ्यायचा, १५ लावली तर २१ चा. एम९ वर मात्र २१ ला २१ चाच. फोकस आतल्या खिडकीतून, चौकट वरच्या फाइंडरमधून. दोन वेळा डोळा हलवायचा. पंचगंगेच्या घाटावर कार्तिकी पौर्णिमेचा दीपोत्सव असा टिपता येतो, गर्दीनं धक्का दिला नाही तर. वरचा फाइंडर पॅरलॅक्स आपोआप दुरुस्त करत नाही, म्हणून दोन-तीन हातांवरच्या पणत्या घेताना कॅमेरा थोडा वर उचलून, फाइंडरच्या बाजूला किंचित सरकवून धरा, नाहीतर वरची ओळ अर्धी कापली जाते.

४० च्या लेन्ससाठी तर बाहेरचा फाइंडरही नको. एम८ वर चौकट बदलणारी कळ बोटानं धरून २४-३५ ची जोडी आणा आणि लांबच्या दृश्याला ३५ च्या रेघा बघा. त्या ०.७ मीटरसाठी आखलेल्या असल्यानं लांबवर साधारण ३७ च्या लेन्सएवढं क्षेत्र दाखवतात, म्हणून ४० नं काढताना कडा किंचित आत धरायच्या. बोट काढलं की रेघा पुन्हा ५० वर जातात. कायमचा उपाय म्हणून काहीजण लेन्सची पाकळी कानशीनं घासतात. अडॉप्टरवर तो प्रयोग करायला हरकत नाही. चांगल्या लेन्सवर कानस चालवण्याआधी, भावा, ती पुढं विकायचीय का ते ठरव.