खुलासा : चर्चच्या नोंदवहीतून आधारकार्ड मिळत नाही

नाशिकमधील चर्चमध्ये नाव नोंदवले की परदेशी निर्वासितांना आधार आणि रेशनकार्ड मिळते, शिवाय सगळे ख्रिस्ती पंथ मिळून परदेशी पैशांची एक सामाईक तिजोरी चालवतात, असा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

चर्चला असा कोणताही अधिकार नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. म्यानमार, अफगाणिस्तान इथल्या लोकांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते. तिच्या कार्डाने नागरिकत्व मिळत नाही. परदेशी माणसाला राहायला जागा दिली, तर जागा देणाऱ्याने २४ तासांत परदेशी नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायचे असते, मग ती जागा लॉज असो वा चर्चचे अतिथिगृह.

तिजोरीचा दावा तर कायद्याशीच विसंगत आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येते आणि ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे पंथ एकत्र आले तरी परदेशी निधी ज्याचा त्यानेच खर्चायचा. चूक होते ती इथल्या वर्गणीचे पैसे परदेशी देणगीच्या खात्यात भरल्यावर. हेतू चांगला असला तरी हा नियमभंगच. वर्गणीला वेगळे खाते हवे.

पंथांनी एकत्र येण्यात नवल काही नाही. फाळणीच्या निर्वासितांसाठी प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चनी १९४७ मध्येच संयुक्त मदतकार्य उभारले. आजची ‘कासा’ ही संस्था त्यातूनच आली.