प्रतिक्रियेला उत्तर : बटण बंद केल्यावर काय उरतं?

नमस्कार. स्पॅनिश शिल्पकार जाउमे प्लेन्सावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘हे शिल्प नव्हे, रोषणाई आहे. बटण बंद करा आणि काय उरतं ते बघा.’ तक्रार फुटकळ नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रान्समधल्या नीस शहराच्या प्लास मासेना चौकात २००७पासून उंच खांबांवर त्याच्या सात आकृत्या बसल्या आहेत. दिवसा त्या पांढुरक्या आणि, खरं सांगायचं तर, जरा निर्जीवच दिसतात. एवढं मान्य. पण दगडी मूर्तीवर उजेड बाहेरून पडतो आणि सावलीमुळे नाक, खांदा, पोट कळतं. इथे दिवा पोटातच आहे. रात्री तो लागला की सावली नाहीशी होते, अंगाचे उठाव पुसट होतात, उरतो फक्त बसलेल्या माणसाचा आकार आणि हळूहळू पालटणारा रंग. तुम्ही जी घडण शोधताय ती त्याने जाणूनबुजून सोडली आहे. जमत नव्हती म्हणून नव्हे. १९५५ साली बार्सिलोनात जन्मलेल्या या माणसाने आधी ओतीव लोखंडात भरपूर काम केलंय.

शिकागोतल्या त्याच्या क्राउन फाउंटन या कारंज्याला (२००४) तुम्ही ‘टीव्हीचे पडदे’ म्हणालात, ते मात्र अजिबात पटलं नाही. समोरासमोर काचेच्या विटांचे १५ मीटर उंच दोन मनोरे, विटांमागे एलईडी, त्यांवर शहरातल्या सुमारे हजार सामान्य माणसांचे चेहरे. चेहरा ओठांचा चंबू करतो आणि नेमक्या त्याच जागी बसवलेल्या तोटीतून पाणी उडतं. आपल्या गोमुखाचीच जात, फक्त गायीच्या जागी शेजारीपाजारी! ओठ आणि तोटी यांचा हा मेळ घालणं शिल्पकाराचंच काम. २००६मध्ये या मनोऱ्यांवर पाळतीचे कॅमेरे बसवले, तेव्हा लोकांनी ओरड करून ते काढायला लावले. रोषणाईसाठी कुणी एवढं भांडत नाही.

बटणाचंच म्हणाल, तर इंग्लंडात सेंट हेलेन्सच्या बंद कोळसा खाणीवरचं ‘ड्रीम’ (२००९) बघा. पांढऱ्या काँक्रीटमधलं, डोळे मिटलेल्या मुलीचं २० मीटर उंच डोकं. माथ्यावरून आकाशात प्रकाशझोत सोडायचा मूळ बेत होता. महामार्ग खात्याने हरकत घेतली आणि तो बारगळला. माझ्या मते बरंच झालं: बंद करायला बटणच नाही, तरी शिल्प उरलंच.

टीका करायचीच होती, तर पुढच्या वर्षांत तेच लांबट, मिटल्या डोळ्यांचं डोकं गावोगाव दिसू लागलं, त्यावर करायची. अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या नदीकाठावरचं, ओठांवर बोट ठेवलेलं २०२१चं डोकं मला ‘ड्रीम’ची पुढची आवृत्तीच वाटतं. तिथे मी तुमच्याशी वाद घातला नसता.