पुन्हा तोच लाल दिवा

गाडी जुनी आहे म्हणून तिच्या वायरिंगचा वाटेल तसा छळ करायचा का? बॅटरी चार्ज होत नाही म्हटलं की जो तो थेट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलायला निघतो. अरे, आधी व्होल्ट मोजायचा मीटर तर लावा! इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि चालू केल्यावरही तेवढेच, म्हणजे चार्जिंग नाही, एवढंच कळलं. दोष अजून शोधायचाय. कित्येक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की धडधाकट अल्टरनेटरही गप्प बसतो. चावी फिरवल्यावर दिवा लागतो का, हे बघायला असा किती वेळ लागतो?

आणि ती इंजिन आणि गाडीच्या बॉडीला जोडणारी, करंट परत नेणारी अर्थिंगची पट्टी! गंजून गेली तरी कोणी ढुंकून बघत नाही. हेडलाइट लावून, चालू इंजिनावर, अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थच्या (निगेटिव्ह) टोकापर्यंत व्होल्ट मोजा. अर्धा व्होल्ट दिसला तरी गडबड तिथेच.

त्यात आधीच्या कुणीतरी सगळीकडे एकाच रंगाची वायर ओढलेली, सांधे नुसते पिळून टेप गुंडाळलेले. तिसऱ्यांदा सगळं वायरिंग उघडून बसलोय. निदान वायरचे रंग तरी पाळा रे!