दमेकरी पोरगं आणि फुटबॉल : काकींच्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकींनी एक मेसेज टाकला. एव्हाना तो तुमच्याकडंही येऊन गेला असेल. ‘दमा असलेल्या मुलाला मैदानावर पाठवू नका. पळण्यानं दमा वाढतो. पंपाची (इनहेलरची) सवय लागते. पंपात स्टेरॉइड असतं. दूध बंद करा. दमेकरी कधी खेळाडू होत नाही.’ खाली हात जोडलेले. काकींच्या नऊ वर्षांच्या नातवाला फुटबॉलचा नाद लागलाय, म्हणून हे सगळं.

मला सहाव्या वर्षापासून दमा आहे. असल्याच सल्ल्यांपायी शाळेची सगळी वर्षं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेच्या टीमसाठी बोंबलण्यात गेली. (बोंबलायला पण दम लागतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.) पायात बूट चढले ते विसाव्या वर्षी.

पळण्यानं धाप लागते, हे खरं. त्यानं आजार वाढतो, हे नाही. जोरात पळताना आपण तोंडानं श्वास घेतो. गार, कोरडी हवा नाकात ऊब न घेता सरळ आत जाते, श्वासनळ्या सुकतात आणि आवळतात. गंमत म्हणजे बऱ्याचदा हे पळताना होत नाही, थांबल्यावर होतं. गांधी मैदानावर माझ्या पहिल्या महिन्यात हेच झालं. खेळ संपला, सगळे पाणी प्यायला गेले आणि मी गोलपोस्टला धरून वाकलेला, छातीत बारीक शिट्टी वाजतेय. डॉक्टरांनी खेळ बंद केला नाही, सुरुवात बदलली. दहा-पंधरा मिनिटं आधी पंप, मग हळू धाव, मग मध्येमध्ये थांबत छोट्या दौडी. अंग असं तापलं की नंतर श्वासनळ्यांचं आवळणं पुष्कळ कमी होतं. नियमित व्यायामानं दमेकऱ्याचा दमसास सुधारतो, बिघडत नाही.

आता पंपाची सवय. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण याच भीतीनं आईनं मला कितीतरी वर्षं गोळ्याच दिल्या. साल्ब्युटामॉल म्हणजे आवळलेल्या श्वासनळ्या सैल करणारं, निळ्या पंपातलं औषध. त्याच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम औषध. पंपाच्या एका दाबात १००. गोळी पोटातून, रक्तातून फिरत सगळीकडं जाते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथं हवं तिथंच जातं. चष्मा रोज लावणाऱ्याला कुणी चष्म्याचं व्यसन म्हणतं का? हां, निळा पंप सारखासारखा लागत असेल किंवा रात्री खोकून झोपमोड होत असेल, तर दमा आटोक्यात नाही. तेव्हा आधी डॉक्टर, मग मैदान.

स्टेरॉइडचं म्हणाल, तर दमा आटोक्यात ठेवायला रोज ओढायच्या दुसऱ्या पंपात असतं, लपवायचं काय त्यात? पण ते श्वासनळ्यांची सूज उतरवणारं. दंड फुगवायला टोचतात ते वेगळं. ओढून झाल्यावर चूळ भरायची, एवढं पथ्य पाळायचं. आणि ‘डोपिंगमध्ये पकडतील’ म्हणणाऱ्यांसाठी : जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’च्या नियमात पंपातून साल्ब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, मात्र कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही.

दूध बंद म्हणे. कोल्हापुरात! गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन सांगा. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर पोराच्या पेल्याला हात लावू नका.

खेळाडू होत नाही? डेव्हिड बेकहॅमला दमा. पॉल स्कोल्सलाही, दोघं मँचेस्टर युनायटेडच्या एकाच मधल्या फळीत. पॉला रॅडक्लिफला दमा, आणि २००३ मध्ये लंडनला तिनं मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला.

ज्याची खरी भीती बाळगायची, ते मात्र मेसेजमध्ये कुठंच नाही. आपल्याकडं फुटबॉलचा हंगाम आणि उसाचा हंगाम साधारण एकाच वेळी येतात. ऊस तुटला की रानात पाचट पेटवतात आणि कधीकधी सकाळी सातला धूर खाली उतरून बसलेला असतो. त्या दिवशी मी खेळत नाही. घरी बसून मॅचचा स्कोअर विचारतो. काकी, तसल्या सकाळी नातवालाही घरीच ठेवा. एरवी रविवारी गांधी मैदानावर पाठवा, पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घेऊन.