इंदूर-पुणे विमानात खिडकीचा पडदा वर ठेवा

इंदूरहून पुण्याला विमानाने जाणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. घरून निघण्याआधी टॅबलेटमध्ये नकाशा उतरवून घ्या, खिडकीची जागा घ्या आणि आपण कुठल्या गावावरून, कुठल्या नदीवरून चाललो आहोत ते बघत जा. हल्ली विमान उडालं की निम्म्या खिडक्यांचे पडदे खाली येतात आणि लोक मोबाइलवर आधीच उतरवलेली मालिका लावतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण इतर कुणापेक्षाही हा रस्ता आपल्याला, इंदूरच्या मराठी माणसांना, जास्त जवळचा आहे.

आपली इंदूर-पुणे रेल्वे रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण असा गुजरातचा मोठा वळसा घेऊन जाते. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, त्यावरून गाडी धावेल तेव्हा धावेल. विमान मात्र आजच नीट त्या बाजूने जातं. नकाशावर बिजासन टेकडीजवळच्या आपल्या विमानतळापासून लोहगावपर्यंत सरळ रेघ ओढून पाहा. ती महेश्वरपाशी नर्मदा ओलांडते, सातपुडा पार करते, तापीनंतर अमळनेरवर येते, पुढे गिरणा आणि मग शिर्डीच्या जवळून पुण्याकडे. प्रत्यक्ष विमान या रेघेच्या डावी-उजवीकडे सरकतं, पण मुलूख हाच. मल्हारराव होळकर लहानपणी खानदेशात तळोद्याला मामांकडे वाढले. दक्षिणेतून माळव्यात आलेल्या मराठी घोडदळाने हेच डोंगर आणि तापी-नर्मदा ह्याच नद्या ओलांडल्या. त्यांना लागलेले दिवस आपण तासाभरात पार करतो, तेही डोळे मिटून.

माझे बाबा मूळचे अमळनेरचे, साने गुरुजी जिथे शिकवायचे त्या गावचे. नोकरीसाठी तरुणपणी इंदूरला आले ते इथलेच झाले. ऐंशीकडे झुकलेल्या वयात त्यांना विमानाची भीती वाटायची. उडताना हात घट्ट धरायचे आणि दर थोड्या वेळाने "आता कुठे आलो?" असं विचारायचे. एकदा मी टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. विंध्याची कड संपून निमाडचा सखल भाग सुरू झाला, आपली जागा दाखवणारा निळा ठिपका नर्मदेवर आला आणि त्यांनी नकळत हात जोडले. तापी आल्यावर तर ते स्वतःच बोलायला लागले. उन्हाळ्यात पात्र किती सुकायचं, पलीकडे चोपड्याला कोण राहायचं, मारवडची वाट कुठली. खाली ढग होते, गाव काही दिसलं नाही. तरी पडद्यावर 'अमळनेर' हे नाव आलं तेव्हा ते खिडकीला कपाळ टेकून बसले. भीतीचा विषय त्यानंतर निघाला नाही. आपण कुठे आहोत हे कळलं की माणसाच्या मनाला आधार मिळतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

आता हे करायचं कसं, कारण अडतं ते इथेच. पुष्कळांना वाटतं की फ्लाइट मोड लावला की जीपीएसही बंद होतं. तसं नाही. मोबाइलचं नेटवर्क लहरी सोडतं, म्हणून ते बंद ठेवायचं असतं. जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवत असतात, त्यांतल्या चारांचे नीट ऐकू आले की टॅबलेट स्वतःची जागा काढतो. लोकेशन चालू असू द्या, बस. मात्र टॅबलेट घेताना नीट विचारून घ्या. सिम न लागणाऱ्या, फक्त वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. अँड्रॉइडमध्येही काही स्वस्त टॅबलेटांत ती नसते. तसा टॅबलेट असेल तर फोन वापरा. मोठ्या पडद्याचा फायदा वयस्कर डोळ्यांना होतो एवढंच.

नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवा. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन भाग उतरवता येतो, ऑर्गॅनिक मॅप्समध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र असे राज्यवार नकाशे मिळतात. विमानात बसण्याआधी, इंटरनेट असतानाच, ठिपका एकदा जागेवर आलेला पाहून घ्या. हे महत्त्वाचं आहे. उपग्रहाचा संदेश फार सावकाश येतो, सेकंदाला ५० बिट, आणि नुसत्या एका उपग्रहाची कक्षा कळायला अर्धा मिनिट जातो; इंटरनेट असलं की हीच माहिती तिथून लगेच मिळते. हवेत, वेगात, कोरी सुरुवात केली तर पाच-दहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि तोवर नर्मदा मागे पडते. टॅबलेट काचेजवळ धरा, विमानाच्या धातूच्या अंगातून हे क्षीण संदेश आत येत नाहीत. मधल्या जागेवर बसून ठिपका हलत नाही म्हणून यंत्राला दोष देऊ नका. आणि उंची दाखवणारं ॲप हवेच्या दाबावरून मोजत असेल तर ते केबिनमधला दाब वाचतं, म्हणून सहा-आठ हजार फूटच दाखवतं. घाबरून जाऊ नका.

एका प्रवासात केबिन क्रूने आम्हाला "जीपीएस चालत नाही, बंद करा" म्हणून सांगितलं. आम्ही लगेच बंद केलं. विमानात त्यांचाच शब्द शेवटचा असतो आणि तसाच असावा. पण फ्लाइट मोडमध्ये अशी उपकरणं वापरायला डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०१४ पासून परवानगी दिली आहे. एखाद्या कंपनीचा वेगळा नियम असेल तर तो सगळ्यांना आधी सांगावा, आणि नसेल तर क्रूला ऐकणारं यंत्र आणि लहरी सोडणारं यंत्र यांतला फरक शिकवावा. सॅटेलाइट फोन ही वेगळी गोष्ट, तो आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे.

ही सोय आपल्याला मिळाली त्यामागे मोठं दुःख आहे. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. आपण भलतीकडे आलो आहोत हे आत कुणालाच कळलं नव्हतं. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली, आणि २ मे २००० ला सामान्यांना नेमकी जागा कळू नये म्हणून त्यात मुद्दाम ठेवलेली चूकही काढून टाकली. ही हकिकत वाचल्यापासून तो निळा ठिपका मला साधी गंमत वाटत नाही.

घरी थांबलेल्यांना फ्लाइटरडार२४ सांगा, विमान स्वतःच आपली जागा प्रसारित करत असतं आणि ती तिथे दिसते. आत बसलेल्याला इंटरनेटशिवाय त्याचा उपयोग नाही, म्हणून आपला ऑफलाइन नकाशाच बरा.

पुण्याला जाताना डावीकडे बसलात तर हवा स्वच्छ असताना ओंकारेश्वरची बाजू आणि पुढे दूरवर जायकवाडी धरणाच्या नाथसागराचं पाणी शोधा. उजवीकडे बसलात तर शेवटच्या टप्प्यात कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या रांगा. सकाळच्या विमानात ऊन डावीकडून येतं, तेव्हा आईबाबांना उजवीकडची जागा द्या. आणि लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे उतरताना फोटो काढू नका.