चोर सोडून संन्याशाला फाशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिरवा दिवा लागल्यावरही सावध राहा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘सिग्नल तोडणारा राहिला बाजूला, नियम पाळणाऱ्यालाच शिकवताय. चोर सोडून संन्याशाला फाशी! शिवाय हिरव्याला तीन सेकंद थांबलो तर मागचा येऊन आदळेल.’

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे माझं चुकलं. ‘तीन सेकंद थांबा’ असं सरसकट लिहायला नको होतं. पुण्यात लाल दिव्याशेजारचा उलटा मोजणारा आकडा तीनवर आला की मागून हॉर्न सुरू होतात आणि निम्म्या दुचाक्या झेब्रा पट्ट्यांच्या पुढे सरकलेल्या असतात. तिथे एकट्यानं अडून राहणं धोक्याचंच. बघायचं काम दिवा लाल असतानाच उरकायचं. शेवटच्या पाच आकड्यांत नजर आकड्यांवर नको, उजवीकडे हवी. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळे आडवं येणारं वाहन आधी उजवीकडूनच अंगावर येतं. मग डावीकडे, पुन्हा एकदा उजवीकडे, आणि निघायचं. मागच्याला खोळंबा होत नाही.

पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही. दोष तोडणाऱ्याचाच, शंभर टक्के. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे धरलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला कैदसुद्धा होऊ शकते. पण चलन मागाहून येतं, धडक त्याच क्षणी बसते. ताशी 50 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर कापते. तुम्हाला ती दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत ती चौकाच्या मध्यावर असते. आणि ही धडक कुशीत बसते. समोरून ठोकर बसली तर कारला निदान बॉनेट असतं; दाराच्या बाजूला पत्रा आणि माणूस यांत वीतभर जागा. दुचाकीवर तीही नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. पुण्यातल्या नळ स्टॉप चौकात एका बसच्या डावीकडे माझी स्कूटर उभी होती. हिरवा लागला. बस हलली नाही. मागच्या हॉर्नच्या दबावानं मी निघालो, बसच्या तोंडापुढे आलो, आणि उजवीकडून एक टेम्पो हातभर अंतरावरून सुसाट गेला. ड्रायव्हरला तो उंचावरून दिसत होता. मला बसच्या आडून दिसणं शक्यच नव्हतं. पाय इतके थरथरत होते की पुढे जाऊन गाडी कडेला लावावी लागली. तेव्हापासून शेजारचं मोठं वाहन हिरव्यालाही हललं नाही, तर मीही हलत नाही. मागचा कितीही वाजवू दे. त्या टेम्पोवाल्याची चूक होती हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण चाकाखाली मी गेलो असतो.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट: लांबूनच हिरवा दिसतोय म्हणून वेग वाढवत चौकात शिरणं मला सगळ्यात घातक वाटतं, विशेषतः रात्री रस्ते मोकळे असताना. तेव्हा अॅक्सिलरेटर सोडायचा, बोटं ब्रेकवर ठेवायची. करकचून दाबायचं नाही, म्हणजे मागच्यालाही अंदाज राहतो.

मूळ लेखातलं ‘तीन सेकंद थांबा’ आजच काढून टाकलं. तिथे आता ‘लाल असतानाच उजवीकडे बघा’ असं आहे, आणि बसचा प्रसंगही जोडला आहे.